मामाच्या गिटारमधली घूंऽऽ

"ऐका! परत घूंऽऽऽ!" मामाने नुकत्याच बनवलेल्या गिटारवरचा हात उचलला आणि आपल्या कारखान्याच्या भिंतीकडे डोळे वटारून बघितलं. भिंतीपलीकडे टेलरकाकूंचं मशीन खडखडत होतं.

"त्या मशीनची मोटर! तिचाच त्रास होतोय. पाच वाजता जागेचे मालक येतायत. अर्ज लिहून ठेवलाय मी. एक तर ते मशीन हलेल, नाहीतर मी!"

सुट्टीला आलेले ताई आणि भोंगा एकमेकांकडे बघत राहिले. भोंग्याला भोंगा म्हणायचे ते आवाजामुळे. तो कुजबुजला तरी रस्त्यापर्यंत ऐकू जायचं. मामाची मुलगी चष्मिष मात्र काकूंचा विचार करत होती. काकूंचं घर त्या एका मशीनवर चालायचं. त्यांना दुसरी जागा कोण देणार?

"बाबा, पण तू गिटारच्या आत तांबं लावलंयस ना? बाहेरची घूं आत येऊ नये म्हणून?"

"लावलंय की! कोपरा न् कोपरा!"

ते खरंच होतं. तारांची थरथर पकडून स्पीकरकडे पाठवते ती लांबट डबी म्हणजे पिकअप. आजूबाजूच्या विजेची कुरकुर तिच्यापर्यंत पोचू नये, म्हणून लाकडातल्या खाचेला आतून तांब्याची चिकटपट्टी लावायची आणि मग पिकअप बसवायचा. मामाच्या कामात सुरकुती औषधालाही सापडली नसती.

मामा जेवायला घरी गेला तशी ताई उठली. "चला! मोटर गुन्हेगार आहे की नाही, हे मामाच्या कानांनाच ठरवू दे."

काकू आधी तयारच होईनात. "नको गं बाई, उगीच भांडण वाढायचं."

"वाढणार नाही, मिटेल!" भोंगा कुजबुजला आणि रस्त्यावरचे दोघे वळून बघायला लागले.

तासाभराने मामा परतला. पलीकडे खडखड चालूच होती. त्याने गिटारची वायर स्पीकरला जोडली. घूंऽऽऽ!

"बघा! मशीन चालू, घूं चालू! आता बोला!"

"मामा, जरा पलीकडे येतोस?" ताई अगदी गरीब चेहरा करून म्हणाली.

पलीकडे काकू खिडकीशी बसून हाताने बटणं लावत होत्या. मशीनचा प्लग काढून ठेवलेला होता. मशीनवर ताईचा फोन होता आणि खडखड त्यातून येत होती!

भोंगा हसून हसून जमिनीवर बसला. मामाचे कान लाल झाले. "मग घूं येते कुठून?" तो पुटपुटला.

"उघडून बघू की!" चष्मिष म्हणाली.

मामाने स्क्रू सोडवून पिकअप अलगद वर काढला. वीज जाते का ते सांगणाऱ्या मीटरची दोन टोकं चष्मिषने खाचेतल्या एकाच पट्टीवर टेकवली. पीं! मग एक टोक शेजारच्या पट्टीवर ठेवलं. मीटर गप्प. तिसऱ्या पट्टीवरही गप्प.

"बाबा! या एकमेकींना चिकटल्यात, पण वीज एकीतून दुसरीत जातच नाहीये!"

मामाने घाईघाईने पट्टीचं रीळ काढलं. जुनं रीळ संपल्यावर आणलेलं हे नवं होतं. दुकानदार म्हणाला होता, "तीच आहे, डोळे झाकून न्या," आणि मामाने खरंच डोळे झाकून आणली होती. जुन्या पट्टीच्या गोंदातून वीज जायची. हिच्या गोंदातून जात नव्हती. विजेची कुरकुर बाहेर वाहून नेणारी अर्थिंगची वायर एकाच पट्टीला जोडलेली, बाकीच्या सगळ्या नुसत्या शोभेला!

मग काय, कामाची झुंबड उडाली. मामाने प्रत्येक जोडावर वितळलेल्या कथिलाचा थेंब सोडला आणि चष्मिष मीटर लावत गेली. पीं! पीं! पीं! पिकअपखालची एक स्प्रिंग भोंग्याच्या हातून उडाली आणि भुशात दडून बसली. ती सापडेपर्यंत तो चक्क गप्प होता! शेवटी पिकअप परत बसवताना ताईने फट मोजायला तो आणि तार यांच्यामध्ये दोन नाणी सरकवून बघितली. मामाने तेवढीच फट ठेवून स्क्रू पिळले.

पाचला मालक दारात आले. मामा भिंतीजवळ जाऊन ओरडला, "काकू, मशीन चालवा! जोरात!"

पलीकडे खरीखुरी खडखड सुरू झाली. मामाने तार छेडली. स्वच्छ, गोड आवाज निघाला आणि विरून गेला. घूं आता स्पीकरला कान लावला तरच कळली असती.

"अर्ज कसला होता?" मालकांनी विचारलं.

"चुकीचा होता," मामा म्हणाला. त्याने कागद फाडला आणि मालकांना नि पोरांना घेऊन तो पलीकडे गेला. "काकू, चूक माझ्या गिटारमध्ये होती, या पोरांनी ती शोधून काढली. नाव तुमच्या मशीनचं घेतलं मी. माफ करा."

काकूंनी कोपऱ्यातला पडदा बाजूला केला. मागे चार गाठोडी बांधून ठेवलेली होती. कापडं, कात्र्या, दोऱ्यांची रिळं, सगळं.

"सकाळीच बांधली," त्या म्हणाल्या. "म्हटलं, कुणी जा म्हणायच्या आधी आपणच निघावं."

मामाला खूप वाईट वाटलं. तो तिथेच खाली बसला आणि पहिल्या गाठोड्याची गाठ सोडायला लागला.

"शाबास रे पोरांनो!" मालक म्हणाले. "तुम्ही नसतात तर मी काकूंना आज काय सांगितलं असतं, कुणास ठाऊक!"

काकूंनी तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. मग भोंगाही मामाशेजारी बसला आणि दुसरी गाठ सोडायला लागला.