श्वासाच्या खुणा

पान कुठे उलटायचे, या प्रश्नाने चारुताचा दिवस सुरू होत असे. पालघरजवळच्या सरावलीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात बसून ती परदेशी प्रकाशकांसाठी पाश्चात्त्य वाद्यवृंदांची स्वरलिपी छपाईयोग्य करून देई. उजव्या पानाची शेवटची ओळ अशा जागी संपवायची की तिथे वादकाला थोडी विश्रांती असेल आणि पान उलटायला त्याचा हात मोकळा सापडेल. फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागे. सुरांच्या रेषांवर, स्वल्पविरामासारखी दिसणारी श्वासाची खूण द्यायची. ही खूण चुकीच्या जागी पडली तर चाल मोडते आणि वादकाची छातीही रिकामी पडते. ही कामे कोणाच्या नजरेत भरत नाहीत. पण नीट झाली नाहीत तर वादकाला ती लगेच जाणवतात. विद्यापीठात शिकवलेली ही गोष्ट तिने मनापासून मानली होती.

खिडकीबाहेर पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसगाड्या उभ्या राहत. वारा औद्योगिक वसाहतीकडून वाहत असला तर वाळत घातलेल्या कपड्यांना आंबूस वास लागे. तिचा नवरा कुशल तिथेच एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता.

स्वतःची म्हणावी अशी एकच रचना तिने केली होती, आणि तिची चालही तिची नव्हती. पालघरच्या पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावर चिंतू नावाचा तारपावादक राहत होता. नवा भात घरात आला तेव्हा ती त्याच्याकडे गेली होती. वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा असे ते वाद्य. ते छातीशी धरून तो अंगणात फिरत होता आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती वळत होती. त्याच्या बापाची चाल होती ती. चारुताने ती ध्वनिमुद्रित केली. तारपा शेवटपर्यंत एकदाही थांबला नाही.

“काका, तुम्ही श्वास कुठे घेता?” तिने नंतर विचारले.

“घेतो की. सकाळपासून घेतोच हाय,” चिंतू म्हणाला. अंगणातली माणसे हसली.

“वाजवताना हो.”

“नाकानं आत घेयाचा, गालात ठेवायचा. तारप्याला कळू द्यायचा नाय. मी थांबलो तर नाचणाऱ्याचा उचललेला पाय तसाच ऱ्हाईल ना, बाय? तो बिचारा काय करल?”

त्या चालीवर तिने तारपा आणि वाद्यवृंद अशी रचना लिहिली. एका परदेशी प्रकाशन संस्थेच्या संपादिकेला ती फार आवडली. तारपा मात्र तिथे कोण वाजवणार? तो भाग क्लॅरिनेटला द्यावा आणि योग्य जागी श्वासाच्या खुणा घालाव्यात, असे तिने सौम्य शब्दांत कळवले. मुखपृष्ठावर रचनाकार म्हणून चारुताचे नाव येईल, आणि चिंतूच्या नावाच्या जागी ‘पारंपरिक चालीवर आधारित’ एवढे पुरे.

चारुताने दोन्ही गोष्टी मान्य केल्या. नकार द्यायला हवा होता, हे तिला त्या क्षणीही समजत होते. ती दुपारभर खुणा घालत बसली. चाल मुळात कुठे थांबतच नव्हती, म्हणून जिथे थांबल्याने कमीत कमी बिघडेल अशा जागा तिने स्वतःच निवडल्या.

वर्षभराने पुस्तिका छापून आली. निरनिराळ्या देशांतल्या बँडांनी ती वाजवल्याच्या चित्रफिती येऊ लागल्या. पावसाळ्याच्या तोंडावर चिंतू मुलीला घेऊन सरावलीत आला. मुलगी जमुना पालघरच्या महाविद्यालयात शिकत होती. चिंतूने जिने सावकाश चढून खुर्चीचा आधार घेतला.

“दाखव बाय, माजा तारपा कागदावर कसा दिसते.”

चारुताने क्लॅरिनेटचे पान त्याच्यासमोर ठेवले. तो त्यावरून बोट फिरवत राहिला.

“मुंग्याच हाएत ह्या. साखर सांडली का कोणी?”

जमुना मुखपृष्ठ वाचत होती. “ताई, ह्यात बाबाचं नाव नाही.”

“पुढच्या आवृत्तीत येणार आहे,” चारुता म्हणाली. असे काही ठरलेले नव्हते.

“येऊ दे सावकाश,” चिंतू म्हणाला. “नाव काय, कुठं पळून जाते?”

मग तो ती चाल गुणगुणू लागला. थोडे पुढे जाऊन तो थांबला. ओठ उघडे होते, मान किंचित ताठली होती. आणि आत काहीच जात नव्हते. क्षणभराने तो पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला. चारुताची नजर सवयीने पानावरून सरकत होती. तो पहिल्यांदा थांबला तिथे तिची खूण होती. दुसऱ्यांदाही खूण होती. तिसरी येण्याआधीच तिने पान उलटून पालथे ठेवले. चिंतू त्या जागी थांबलाच.

“असं कधीपासून होतंय?” तिने जमुनाला स्वयंपाकघरात नेऊन विचारले.

“गेल्या दिवाळीनंतर. आधी तारपा फुंकताना व्हायचं. आता बोलतानाही मधेच कोणी तोंडातून हवा काढून घेतल्यासारखं होतं.”

दिवाळीनंतरच पुस्तिका बाजारात आली होती. चारुताने हे कोणाला सांगितले नाही.

“दम्याचा प्रकार असेल,” कामावरून आलेला कुशल म्हणाला. “इथल्या हवेत येऊनजाऊन असतील. आमच्याकडे निम्मे लोक खोकतात.”

“ते डोंगरात राहतात, कुशल.”

“मग बिड्या. डॉक्टरांना दाखवू, चल.”

त्याने स्वतः गाडी काढली. डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे काढला, नळीत फुंकायला लावले. फुप्फुसे वयाच्या मानाने उत्तम होती. “गाणं-बिणं म्हणता का?” डॉक्टरांनी कौतुकाने विचारले. चिंतू हसला, उत्तर द्यायला तोंड उघडले, आणि उघडेच राहिले. डॉक्टर त्या वेळी पुढच्या रुग्णाची पावती पाहत होते.

परतताना जमुना खिडकीबाहेर बघत म्हणाली, “यंदा भात आल्यावर तारपा कोण वाजवणार, म्हणून पाड्यावर विचारतात. बाबा सांगतो, मीच. रात्री उठून बसतो. झोपेत श्वास थांबला तर परत येईल का, ह्याची भीती वाटते त्याला.”

चारुताने घरी येऊन संगणक उघडला. तिने एकेक खूण पुसून टाकली. मुखपृष्ठावर चिंतूचे नाव आपल्या नावाच्या वर घातले. संपादिकेला लिहिले की पहिल्या आवृत्तीत गंभीर चूक आहे, शिल्लक प्रती नष्ट कराव्यात, विकलेल्यांच्या जागी नव्या पाठवाव्यात. त्यासाठी आपला मोबदला कापला तरी चालेल. कारण विचारले गेले तेव्हा तिने लिहिले: या चालीत श्वास नाही. संपादिकेला ते वाक्य इतके आवडले की ते प्रस्तावनेत घ्यायची तिने परवानगी मागितली.

नवी आवृत्ती निघाली. काही दिवसांनी जमुनाचा फोन आला.

“ताई, बाबा काल जेवला नीट. शेजारच्या गोदूबाईशी भांडलासुद्धा. एका दमात!”

मागून चिंतूचा आवाज आला. “तिला सांग, गोदू आधी थांबली. मी नाय.”

चारुता हसली आणि मग बराच वेळ रडली. जे घडले त्याला काही नाव देणे तिने टाळले. योगायोग म्हणावे, तर पुसलेल्या खुणा आठवत होत्या. दुसरे काही म्हणावे, तर पुन्हा कामाला बसता आले नसते. ती कामाला बसली.

भाताला लोंब्या आल्या त्या सुमारास संपादिकेचे पत्र आले. आनंदाची बातमी होती. रचना शालेय बँडांच्या एका मोठ्या महोत्सवासाठी निवडली गेली होती. शेकडो शाळांनी प्रती मागवल्या होत्या. सोबत तालमीची छायाचित्रे होती.

चारुताने पहिले छायाचित्र मोठे केले. सभागृहात मुले बसलेली. प्रत्येकासमोर स्टँड, स्टँडवर तिचे स्वच्छ पान.

स्वच्छ नव्हते. प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

हे तिला ठाऊक असायला हवे होते. छापलेल्या पानावर श्वासाची खूण नसली तर प्रत्येक वादक ती स्वतः घालतो. तिनेही विद्यार्थिदशेत घातल्या होत्या. या मुलांपैकी कोणी तीन स्वरांनंतर, कोणी पाचव्या स्वरावर, ज्याची छाती जितकी लहान तितक्या जवळजवळ. एका मुलीने तर प्रत्येक स्वरावर खूण केली होती आणि शेजारी हसरा चेहरा काढला होता.

दुसऱ्या छायाचित्रात दुसरी शाळा होती. तिसऱ्यात तिसरी.

तिने जमुनाला फोन लावला. बाहेर टळटळीत दुपार होती, भंगारवाला हिंदीत ओरडत चालला होता.

“ताई, मी तुम्हालाच करणार होते,” जमुना म्हणाली. “बाबा सकाळपासून बोलत नाही. बोलायला जातो आणि...”

“फोन त्यांच्या तोंडाशी धर.”

फोन हलवल्याची खुडबुड झाली.

“काका? मी चारुता.”

आधी तिला वाटले, वारा आहे. मग तिने तो आवाज ओळखला. संचालकाचा हात वर गेला की पहिल्या स्वराआधी सगळा वाद्यवृंद एकदम श्वास घेतो, तो. लहान छात्या, मोठ्या छात्या, कोणाचे नाक चोंदलेले, कोणी घाई करणारे. तो श्वास आत जात राहिला, जात राहिला.

“ताई,” जमुना दबक्या आवाजात म्हणाली, “घरात आम्ही दोघंच आहोत.”

श्वास पुरा झाला. तो सोडल्याचा आवाज आला नाही.

फोन कानाशी धरून चारुता पहिल्या स्वराची वाट पाहत राहिली.