उसना गळा

दुपारच्या चहानंतर डॉ. तरन्नुम मुजावरांनी शशिप्रभाबाईंच्या गळ्याला वाचासेतू बांधला. पक्षाघाताने वाचा गेलेल्या माणसाने मनातल्या मनात शब्द उच्चारला की घशाच्या स्नायूंत जी बारीक हालचाल होते, ती हा दोन बोटं रुंदीचा पट्टा टिपायचा आणि त्याच माणसाच्या जुन्या आवाजात बोलून दाखवायचा. कोल्हापूरच्या भाजी मंडईतही आता असे पट्टे दिसत. आवाजाचा नमुना तेवढा हवा. बाई तर जुन्या काळच्या नायिका, त्यांचे सत्तावीस चित्रपट होते. नमुन्यांना काय तोटा!

बाईंना एकच फोन करायचा होता. देवबागला धाकटी बहीण तारा अंथरुणाला खिळलेली, डोळ्यांनी आंधळी. आज आहे, उद्या नाही.

"तारू, मी गोदू," बाई मनात म्हणाल्या; घरी त्या गोदूच होत्या. पट्ट्यातून मधाळ, शुद्ध पुणेरी आवाज आला.

"कोण तुम्ही?" तारा खेकसली. "माझ्या बहिणीचा नाव घेवन थट्टा करतास? गोदूक द्या फोन!" आणि तिने फोन ठेवून दिला.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पडद्यावरचा तो आवाज त्यांचा नव्हताच. त्यांचा मालवणी हेल लपवायला निर्मात्याने पहिल्या चित्रपटापासून पुण्याच्या सुमती आगाशेंचा आवाज लावला आणि कुठे बोलायचं नाही अशी शपथ घातली. मुलाखती नाहीत, सत्कारात भाषण नाही. साठ वर्षं बाईंनी दुसरीच्या गळ्याची वाहवा आपल्या पदरात घेतली. डॉक्टरांनी नमुने विचारले तेव्हाही मोठेपणा आडवा आला आणि मान डोलावली गेली. आता भोगा!

डाव्या हाताने त्यांनी पाटीवर वेडीवाकडी अक्षरं काढली : आवाज माझा नाही.

मुजावरांनी पाटी वाचली. "तुमचं सोताचं कायच न्हाई, बाई? लग्नातली एखादी कॅसेट?"

बाईंनी पाटी पुसली. मग लिहिलं : रडणं. सुमतीला रडता येत नसे. तिचे हुंदके खोटे वाटत, म्हणून दिग्दर्शक सेटवरचं बाईंचं रडणंच ठेवत.

"हुंदक्यांतनं स्वर मिळंल," मुजावर म्हणाल्या. "पर रडण्याचा सूर शब्दाला चिकटूनच येणार. तो काढता येत न्हाई."

बाईंनी डावा हातच कपाळाला लावून विनवणी केली.

चार दिवसांनी पुन्हा फोन लागला. "तारू..."

"गोदू!" तिकडून किंकाळीच आली. "गोदू माजे! रडतंस कित्याक गो?"

ओळखलं! वाचा गेल्यापासूनच्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच बाई हसल्या. पट्ट्यातून टाहो फुटला.

"मी रडणंय नाय गो, हसतंय," त्या म्हणाल्या. तेही हुंदक्यांतच गेलं.

तारा ओक्साबोक्शी रडू लागली. "माज्याकडसून लपव नको. मी आता जातलंय, माका सांग. कोणी काय केल्यान तुका?"

बाईंना सांगायचं होतं, तुझा आवाज ऐकून जीव सुखावला. पण आता जे बोलतील ते रडणंच होऊन पोचणार, आणि गप्प राहिल्या तर सापडलेली बहीण पुन्हा हरवणार.

"बंद करू?" मुजावरांनी हळूच विचारलं. बाईंनी गळ्यातला पट्टा मुठीत घट्ट धरला. सोडवेना, बोलवेना.

"गोदू," तारा विचारत होती, "आसंस ना गो?"