पोकळ गिलावा

सिंदीच्या शाळेत मी शास्त्र शिकवतो. एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिली दुसरीचं कारण ठरत नाही, हे पोरांना दरवर्षी बजावतो. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून मला कुणी भोळसट म्हणायला नको.

१९५४ चा चैत्र. आमचं घर रुळांना लागून. मालगाडी गेली की पश्चिमेच्या भिंतीचा बाहेरचा गिलावा ढलप्यांनी गळायचा. त्याच भिंतीला आतून लागून शरयूची, माझ्या बायकोची, खाट होती. वय सव्वीस, क्षयाचं दुसरं वर्ष. आडवं झालं की ढास लागे, म्हणून ती दिवसभर भिंतीला पाठ टेकून बसलेली असे.

दर गुरुवारी वर्ध्याहून डॉक्टर येत. तिच्या पाठीवर डावा पंजा ठेवून उजव्या बोटानं ठोकत, आवाज ऐकत. त्या गुरुवारी उजव्या खांद्याखाली ते थांबले. बाहेर आल्यावर म्हणाले, "मास्तर, आत पोकळी वाढली आहे. फार आशा ठेवू नका."



दुसऱ्या दिवशी चिंधू गवंडी आला. त्याला महिन्यापासून सांगून ठेवलं होतं. थापीच्या मुठीनं तो बाहेरून भिंत ठोकत चालला. ठक, ठक, ठक. मग डब्ब.

"गुरुजी, इथं पोकळ हाये."

बरोबर शरयूच्या पाठीमागे, उजव्या खांद्याखाली. त्यानं तेवढा तुकडा खरवडला, पाणी मारलं, गूळ-बेलाच्या पाण्यात मळलेला चुना दाबून भरला. आत शरयू खोकत होती, ती थांबली. त्या दिवशी पुन्हा खोकली नाही.

योगायोग. मी तसं मोठ्यानं म्हटलंसुद्धा.

शनिवारी थोडी खाली दुसरी जागा सापडली. भरली. शरयूनं अख्खी भाकर खाल्ली. रविवारी तिसरी भरली, आणि ती आपल्या पायांनी अंगणात आली. आता चिंधूच्या आधी मीच भिंत ठोकत सुटलो. शास्त्र गेलं खड्ड्यात. मला माझी बायको हवी होती.

सोमवारी दुपारी तिला एकाएकी धाप लागली. ओठ निळे पडले. मी धावत बाहेर आलो. चिंधू भिंतीच्या डाव्या अंगाला, आत शरयूचा डावा खांदा येतो त्याच्या जरा खाली, तळहात टेकवून उभा होता.

"पाहतो काय? भर ना!"

"हे नाई भरत मी."

"काऊन?"

"पोकळ हाये, पण आतून हालून राह्यलं जी. हात लावून पाहा."

मी हात लावला नाही. आतून तिची घरघर ऐकू येत होती.

"पाया पडतो गुरुजी, एवढी जागा राहू द्या," तो म्हणाला आणि थापी तिथेच टाकून निघून गेला.

थापी मी उचलली. खरवडलं. चुना भरला, दाबला, पुन्हा भरला.

हाताखाली काहीतरी तीनदा धडपडलं.

मग थांबलं. आतली घरघरही थांबली.

मी ओल्या चुन्याला कान लावला.

"अहो," हाक आली, "चहा ठेवू का?"

ती चुलीपाशी उभी होती. मी तिचं मनगट धरलं. मग गळा चाचपला. नाकाखाली बोट धरलं, बराच वेळ.

"हे काय हो भलतंच!" ती हसली.

आज बुधवार. सकाळपासून तिनं घर सारवलं, डाळ पाखडली. तिला दम लागत नाही, कारण ती श्वासच घेत नाही. हे तिला अजून कळलेलं नाही. मी कुठल्या तोंडानं सांगू?

आता उंबऱ्यात बसून तांदूळ निवडते आहे. "केळझरच्या गणपतीला नवस बोलले होते," म्हणाली. "मी बरी झाले ना हो आता?"

"झालीस," मी म्हणालो.

कोपऱ्यातून निघालेली मुंग्यांची रांग तिच्या पावलावरून चढली, मानेवरून कानापर्यंत गेली. ती निवांत तांदूळ निवडत राहिली.