चार बोटं मोकळी

पौषातल्या त्या सकाळी बोरी बुद्रुकच्या गुऱ्हाळावर सगळं रोजच्यासारखंच चाललं होतं. कुकडीवरचं धुकं उसाच्या फडात शिरलेलं, काहिलीतून रसाची गोड वाफ वर चढलेली. दोन्ही पांढरं, कुठलं कुठं संपतं ते ओळखू येत नव्हतं. ताहेरा इंजिनाच्या टाकीवर वाकून उभी होती आणि तिचे अब्बा, राजमहंमद, विहिरीच्या पाटाचं पाणी बादलीनं टाकीत ओतत होते.

इंजिन घासलेटावर चाले. चार लोखंडी चाकांवर बसवलेलं. बैलांनी ओढून गावोगाव न्यायचं आणि पट्टा चढवून उसाचा चरक फिरवायचा. तापणाऱ्या सिलिंडरभोवती पाणी खेळतं राहावं म्हणून त्याला पत्र्याची टाकी होती. राजमहंमद मूळचे जुन्नरचे कागदी. गिरणीच्या कागदापुढं हातकागद टिकेना, तेव्हा त्यांनी हे इंजिन धरलं. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, टाकीतल्या अंधारात पाणी दिसत नसे. म्हणून नवरा वारल्यावर माहेरी परतलेली, पुस्तकांत बुडालेली ही लेक त्यांच्याबरोबर हिंडे. ते ओतायचे, ती बघायची, आणि काठाखाली चार बोटं उरली की म्हणायची, "बस, अब्बा." मग ते बादली दगडावर टेकवत, तिची कडी खणकन कलंडे, आणि कामाचा दिवस सुरू होई.

"चार बोटं सोडायची म्हंजे सोडायची," राजमहंमद नेहमीसारखे म्हणाले. "तापलं की पाण्याला बी हातपाय पसरायला जागा लागती."

"आमच्यात अपुरा तांब्या पुढं केला तर सासूबाई बोलून बोलून जीव घ्यायच्या," गुऱ्हाळवाल्या रखमाजींची बायको साळुबाई म्हणाली. "तुमचं इंजिन लई गरीब हो, रोज अर्धपोटी ऱ्हातं."

"काठोकाठ पाजून बघा एकदा. तुमच्याच लुगड्यावर ओकंल."

साळुबाई तोंडाला पदर लावून हसली. संध्याकाळी राजमहंमदना थंडी वाजून आली.

जुन्नरच्या घरी ते तापात पडून होते. डोळे मिटलेले, पण हात उचललेले. एक कडीला धरल्यासारखा, एक बुडाखाली. हात हळूहळू कलत, परत सरळ होत. "बेटा, भरली का गं? सांग की. हात भरून आलं."

ताहेरा कापसाच्या बोळ्यानं त्यांचे ओठ ओले करत राहिली. उत्तर सोपं होतं, एका शब्दाचं. पण तो शब्द ऐकला की अब्बा बादली खाली ठेवतील, हे तिला लख्ख कळत होतं. ती बोलली नाही. ते विचारत राहिले, आणि विचारता विचारताच गेले. हात खाली घ्यायला लोकांना जोर लावावा लागला.

चाळिसावा उरकून ती बोरीला आली. इंजिन गुऱ्हाळाच्या छपरात पाचटाखाली झाकलेलं होतं. रखमाजी पट्ट्यावरून हात फिरवत म्हणाले, "ताहेराबाई, ऊस तोडून पडलाय. आंबाया लागला तर गूळ धरायचा न्हाई. तुमच्यानं व्हत असंल तर चालवा. न्हाईतर मी बैलं जुपतो, अन् मंचरचा एक व्यापारी इंजिनाला गिऱ्हाईक हाय, त्याला देऊन टाका. उगं ओझं कशाला?"

"चालवते," ती म्हणाली. अब्बांचा आवाज ऐकू येईल अशी जगात आता हीच एक जागा उरली होती.

इंजिन लागलं. चरक फिरला, रस धारेला लागला. पहिली काहील भरून चुलाणावर चढली आणि टाकीच्या काठावरून पाणी सांडू लागलं.

"साळूताई, काठोकाठ भरलीत ना?"

"तुमी पाटावर गेलता तवा घागरीनं भरली. उपाशी बघवंना." साळुबाई ओशाळली.

ताहेरानं तांब्यानं पाणी काढलं, चार बोटं मोकळी केली. थोड्या वेळानं टाकी पुन्हा वाहिली.

अब्बांनी शिकवलं होतं तसं ती एकेक शोधत गेली. नळीत विहिरीच्या पाण्याचा पांढरा थर धरला तर पाणी तुंबतं, एका जागी उकळतं आणि उसळून बाहेर येतं. तिनं इंजिन थंड केलं, नळी सोडवून चिंचेच्या कोळानं धुतली, आरपार उजेड दिसेपर्यंत. पुन्हा वाहिली. सिलिंडरच्या झाकणाखालची चकती फाटली तर आतला धूर पाण्यात घुसतो, बुडबुडे येतात. तिनं झाकण आवळून घेतलं, चालत्या इंजिनाच्या टाकीवर वाकून पाहिलं. एकही बुडबुडा नव्हता. पाणी आरशासारखं होतं आणि वर येत होतं.

मग तिनं सांडणाऱ्या धारेखाली हात धरला.

उतू जाणारं पाणी भाजायला हवं होतं. हे गार होतं. धुक्यातल्या नदीसारखं गार. तळहातावर शेवाळाचा एक हिरवा धागा राहिला.

तिनं इंजिन बंद केलं. चाक फिरत फिरत थांबलं. दुपार कलली होती, पण वाफेमुळं छपरात सकाळच असल्यासारखं वाटत होतं.

पाणी थांबलं नाही.

"इंजिन बंद हाय न्हवं?" काहिलीपाशी उभे असलेले रखमाजी म्हणाले.

"बंद आहे."

"मग कुठनं येतंय?"

तिनं तळाची तोटी पूर्ण उघडली. पाणी खालून गेलं, आणि वरून तेवढंच आलं. तिनं तोटी पुन्हा बंद केली.

रखमाजींनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. "बाई, ही काय इंजिनाची खोड न्हाई. ह्ये बघा, वघळ चुलाणाकडं चालला. जाळ इझला तर काहील हातची जाईल. काय करायचं ते करा, पर करा लवकर."

ती टाकीवर वाकली. पाणी सारखं चढत नव्हतं. जरा चढे, थांबे. पुन्हा जरा चढे, पुन्हा थांबे. मधल्या वेळात कुणीतरी पाटापर्यंत जाऊन यावं, एवढं थांबे.

बादलीबादलीनं.

तिच्या हाताच्या मुठी वळल्या. पाणी पुन्हा वर आलं, पण या वेळी उशिरानं. आणि थोडं. ओतणारा दमला होता.

पाण्याची जीभ चुलाणाच्या तोंडाशी पोचली. निखारा चुरचुरला. साळुबाई रडवेली होऊन ओरडली, "बाई, काहीतरी बोला की!"

बोललं नाही, तर हे असंच चालू राहील. अब्बा रोज येतील. पाटावरून इथं, इथून पाटावर, भरून आलेल्या हातांनी, दिसत नसताना.

बोललं, तर येणार नाहीत.

पाणी काठाशी थरथरलं. कुणीतरी वाट बघावी तसं.

ताहेरानं पाटावरची बादली उचलून आणली आणि घट्ट धरली. गुऱ्हाळावर तेवढी एकच होती. मग रखमाजींना, साळुबाईला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात ती म्हणाली,

"बस, अब्बा. भरली. बस."

पाणी उतरलं. काठाखाली चार बोटांवर येऊन थांबलं.

तिच्या मागं दगडावर कुणी बादली टेकवली, आणि कडी खणकन कलंडली.

तिच्या हातातली बादली हललीसुद्धा नव्हती.