अनपेक्षित पास

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी चारशे सतरा संपायची वाट बघत होतो.

चारशे सतरा ही एक टेस्ट. आम्ही नवरा-बायको एकोणीस वर्षं एक कंपायलर सांभाळत होतो. माणसानं लिहिलेला प्रोग्राम छोट्या चिपला कळेल अशा आकड्यांत उतरवणं हे कंपायलरचं काम. आमचा ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा आणि वर आम्हालाच शिव्या द्याव्यात. लिफ्ट, वॉशिंग मशीन, दवाखान्यातले पंप, कशाकशात त्यातून निघालेला कोड चालतो. वापरणाऱ्यांतल्या बहुतेकांना आपण काय वापरतो हेही माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं ते आम्हाला पत्रं लिहितात, आणि ती वाचली की आधीचे बरे वाटतात.

मी दुरुस्त्या करायचो, ती टेस्ट लिहायची. मागच्या खोलीत फळीवर अकरा बोर्ड, प्रत्येकावर एक चिप आणि एक लाल दिवा. सगळं जग असल्या टेस्ट रात्री चालवतं. आमच्या दुपारी चालायच्या, कारण बोर्ड गार ठेवणाऱ्या पंख्यांच्या आवाजानं तिला झोप लागत नसे.

चारशे सतरा ही तिची सगळ्यात निरुपयोगी टेस्ट. बोर्ड मेमरीतल्या एका जागेकडे साठ सेकंद बघत राहतो. तिथला शून्य बदलला तर पास. पण त्या जागी लिहिणारं कुणी नाहीच. ना प्रोग्राम, ना वायर. तेव्हा ती नापासच होणार, आणि तिनं पुढे तशी खूणही करून ठेवली होती : 'अपेक्षित नापास'.

"मग ठेवलीस कशाला?" मी विचारायचो. "एकेका बोर्डचं मिनिट धरलं तर रोजची अकरा मिनिटं वाया."

"तिथं कुणी नाही, हे तू धरून चालतोस," ती म्हणायची. "कंपायलरनं धरून चालू नये. तेवढंच तपासते रे."

त्या दिवशी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. किरकोळ आहे, असं डॉक्टर म्हणाला होता. दुसऱ्याच्या गुडघ्याबद्दल डॉक्टर लोक फार सहज बोलतात. "टेस्ट संपल्या की ये," ती म्हणाली होती. बाकी सगळ्या संपल्या होत्या. ती अकरा मिनिटं सोडून निघालो असतो तर निदान तिच्या वाटेवर असतो. पण मी बसून राहिलो, नापास होणार हे ठाऊक असलेल्या टेस्टसाठी. फोन आला तेव्हा सातव्या बोर्डचा दिवा लुकलुकत होता.

मग माणसं आली. 'धीर धरा' सगळे म्हणाले, जणू धीर मी कुठेतरी ठेवून विसरलो होतो.

दहाव्या दिवशी मागच्या खोलीत गेलो. टेस्ट आपोआप चालतच होत्या. रोजच्या रिपोर्टमध्ये एक ओळ लाल होती. सातवा बोर्ड, चारशे सतरा : 'अनपेक्षित पास'. आमच्या कामात हाही दोषच. नापास व्हायचं ते पास झालं, म्हणजे कुणाचा तरी समज चुकलाय.

मागचे रिपोर्ट काढले. ती गेली त्या दुपारी पास, साठाव्या सेकंदाला. दुसऱ्या दिवशी एकोणसाठाव्या. मग अठ्ठावन्न. रोज एक कमी. त्या दहाव्या दिवशी एकावन्न.

भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली आहे. मी वायर बदलली. वीजपुरवठा बदलला. सातवा बोर्ड काढून नवा लावला. तेव्हापासून अकराही बोर्ड पास व्हायला लागले, एकाच सेकंदाला. मग टेस्ट सिम्युलेटरवर चालवली. सिम्युलेटर म्हणजे चिपची नुसती नक्कल, कॉम्प्युटरमध्ये चालणारी. त्याला ना वायर, ना धूळ, ना दमट हवा.

पास. चाळिसाव्या सेकंदाला.

शेवटी टेस्टमधला एक शब्द काढला. तो शब्द कंपायलरला सांगतो, की ही जागा बाहेरून कुणीतरी बदलू शकतं, दर वेळी नव्यानं बघ. तो नसला की कंपायलर शहाणपणा करतो : लिहिणारं कुणी नाही, मग बघायचं कशाला? बघणंच कापून टाकतो. उतरलेला कोड मी ओळ न ओळ वाचला. बोर्ड आता त्या जागेकडे बघतच नव्हता. साठ सेकंद थांबून 'नापास' म्हणायचं, एवढंच त्याला येत होतं.

दुपारी अकराही पास. पस्तीस.

शब्द परत घातला आणि रोजचे आकडे एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवायला लागलो.

मग मुकादमाचा फोन आला. मुकादम हे आमचं त्याला ठेवलेलं नाव. नवी आवृत्ती वेळेवर बाहेर काढणं हे त्याचं काम. स्वतः एक ओळ लिहीत नाही, दुसऱ्यांना हाकतो.

"वहिनींचं वाईट झालंच हो," तो म्हणाला. "पण रिलीज अडकलंय."

"एका टेस्टपायी?"

"लाल शेरा असताना कसं सोडणार? टेस्ट काढून टाका, नाहीतर खूण बदला. 'अपेक्षित पास' करा. एका शब्दाचं काम आहे."

"आणि खाली सही कुणाची?"

"तुमचीच. दुसरं कोण आहे तिथं?"

मी फोन ठेवला. टेस्ट काढली तर रोजची अकरा मिनिटं वाचणार होती. आता वाचवून काय करायची होती? आणि खूण बदलायची, तर सही करून मान्य करायचं, की तिथं कुणीतरी लिहितं आणि मला ते अपेक्षित आहे. मुकादमाला ते एका शब्दाचं काम वाटतं. त्याला सगळंच तसं वाटतं.

त्या आठवड्यात मेहुणी आली, बहिणीचे कपडे न्यायला. पिशवी घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. भिंतीवरचा कागद वाचला.

"हे काय भावोजी, कुणावर राज्य आलंय?"

"म्हणजे?"

"लपाछपीत ताईवर राज्य आलं की ती असेच उलटे आकडे मोजायची. साठ, एकोणसाठ. लपून लपून पाय दुखायचे आमचे." ती हसली. "आणि लबाड किती! पाचपर्यंत मोठ्यानं, पुढचे मनात. म्हणजे ती निघाली कधी तेच कळायचं नाही."

"मग?"

"मग काय? शोधायची. एकदासुद्धा हार मानली नाही तिनं."

तेवढ्यात फळीवरचे दिवे लुकलुकायला लागले. ती कागदाकडे बघत राहिली. शेवटचा आकडा अठरा होता.

"हे आकडे तुम्ही लिहिलेत ना, भावोजी?"

"अक्षर माझंच आहे," मी म्हणालो.

पिशवी अर्धी भरूनच ती गेली.

काल पाच.

आजचा रिपोर्ट साडेतीनला आला. अकराही पास. सेकंदांच्या रकान्यात आकडा नाही.

पंखे थांबलेत. दिवे बंद आहेत. खोलीचं दार मी सकाळपासून उघडं ठेवलंय, आणि खुर्ची दाराच्या समोर. मी लपलेलो नाही.

चारशे सतरापुढची खूण बदलायची राहिली आहे.