बासष्ट अंश

सोमवारी सकाळी सहा वाजता खाडीकाठच्या रंग-रसायनांच्या कारखान्यातला चौथा रिॲक्टर 'धगवेधी'च्या ताब्यात जाणार होता. शनिवारी दुपारी सुरक्षाप्रमुख हळबे नियंत्रण कक्षात शेवटची शंका घेऊन बसले होते. हळब्यांच्या शंकांनी समोरच्याचा चहा गार होई, पण त्या बहुधा रास्त असत.

"तापमानाचा काटा चढला की थंड पाणी वाढवायचं. त्यासाठी शिकलेलं यंत्र कशाला?"

धगवेधी घडवणाऱ्या डॉ. केतकी शिगवणने कप बाजूला ठेवला. "दहा अंश चढले की आत जवळजवळ दुप्पट वेगाने उष्णता तयार होते. आपली थंड करण्याची ताकद मात्र थोडीथोडीच वाढते. एका टप्प्यानंतर कितीही पाणी सोडा, रिॲक्टर ऐकत नाही, फुटतो. तो टप्पा खूप आधी ओळखायला हवा. त्यासाठी धगवेधी इथली तेहतीस वर्षांची लॉगशीटं वाचून शिकलंय."

लॉगशीट म्हणजे ऑपरेटरने दर पंधरा मिनिटांनी तापमान लिहायचा कागद. हळब्यांनी मान डोलावली आणि ते जेवायला गेले.

दारात विश्राम गुढेकर उभे होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झालेल्या या ऑपरेटरला जुनी अक्षरं लावायला केतकीनेच बोलावलं होतं. तिचे वडील दत्ताराम आणि विश्राम एकाच शिफ्टचे, जिवाभावाचे दोस्त. सात वर्षांपूर्वी दत्ताराम गेले, तेव्हापासून घरातलं वडीलधारं माणूस म्हणजे विश्रामकाकाच. आज त्यांच्या हातात पत्र्याचा चपटा डबा होता.

"बाय, बत्तीस वर्षांमागचा एक कागद खोटा हाय," ते म्हणाले. "तुझ्या बापाच्या नावाचा. पण लिवलाय मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. केतकी तेव्हा पाच महिन्यांची होती आणि तापाने फणफणली होती. दत्ताराम दोन रात्री जागून दुपारच्या शिफ्टला आले. रिॲक्टरमध्ये आम्ल थेंबथेंब सोडायचं काम त्यांच्याकडे होतं. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांची पाठ भिंतीला टेकली आणि डोळा लागला. विश्राम आले तेव्हा काटा एक्क्याण्णववर होता. त्यांनी आम्ल बंद केलं, थंड पाणी पूर्ण सोडलं आणि नशिबाने काटा उतरला. झोपेत आम्ल जास्त गेलं, असं दोघांनीही धरलं. मित्राची नोकरी वाचावी म्हणून विश्रामनी रिॲक्टरच्या तापमानाची रेघ यंत्र आपोआप आखे तो गोल तापतक्ता काढून लपवला आणि लॉगशीटवर ओळीने नेहमीचे बासष्ट अंश लिहून टाकले. महिन्याभरात दत्तारामनी स्वतःहून गोदामात बदली मागून घेतली.

"ह्या यंत्राला त्या दिवशी समदा बरा होता असा वाटंल. उद्या हितली पोरं मरतील. म्हणून आलो," विश्राम म्हणाले. "तुझा बाप तुझ्या नजरेतून उतरंल, ह्याचा भ्या वाटत व्हता."

केतकीने खणातून तीच जुनी लॉगशीट काढली.

"मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे, काका. खरा रिॲक्टर कधी एका आकड्यावर बसून राहत नाही, एखादा अंश हलतोच. धगवेधीने ते पान खोटं म्हणून बाजूला काढलं. अक्षर तुमचं होतं. विचारायचं धैर्य मला होत नव्हतं. पण खोटं कुठे आहे एवढंच यंत्राला कळतं. खरं काय होतं, ते माणसानेच सांगायला हवं."

विश्रामनी डबा उघडला. पिवळा पडलेला गोल कागद, त्यावर फिकट निळी रेघ. केतकीने तो स्कॅनरखाली धरला. धगवेधीने रेघ जुळवली, उष्णतेचा हिशेब मांडला आणि पडद्यावर उत्तर दिलं. तिने ते दोनदा वाचलं.

"काका, चढायच्या आधी रेघ पाच अंश खाली आलीय. पाहिलंत?"

त्यांनी चष्मा सावरला. पाहिलं नव्हतं. एक्क्याण्णव दिसल्यावर बाकी काही पाहायचं सुचलंच नव्हतं.

"आम्ल जास्त गेलं असतं, तर काटा सरळ चढला असता. तो आधी उतरला, म्हणजे आतली ढवळणी दांड्यावरून निसटून जागीच थांबली होती. आम्ल न मिसळता साठत गेलं, प्रक्रिया मंदावली, म्हणून गार झालं. ढवळणीने पुन्हा पकड घेतली आणि साठलेलं सगळं एकदम पेटलं. बाबांच्या झोपेने काही झालं नाही. जागे असते तरी उतरता काटा पाहून ते निर्धास्तच राहिले असते. तुम्हीही."

विश्राम पडद्याकडे पाहत राहिले. हा कागद त्याच दिवशी साहेबांपुढे ठेवला असता, तर कुणीतरी ती रेघ वाचली असती.

"म्हंजे मी त्याला वाचवाया गेलो," ते म्हणाले, "आनि मीच त्याला जन्मभर गुन्हेगार केला."

केतकीला घरचं अंगण आठवत होतं. जेवण झालं की बाबा भर उन्हात फेऱ्या मारत, दुपारी कधी पाठ टेकत नसत. लहानपणी ती त्यांच्या मागे मागे फिरे, आणि हा खेळ आहे असं तिला वाटे. तिला रडू आलं, आणि तिने ते आवरलं नाही.

जरा वेळाने तिने जुनी लॉगशीट पुढे केली. विश्रामनी प्रत्येक बासष्टवर रेघ मारून शेजारी तापतक्त्यावरचा खरा आकडा लिहिला आणि खाली आपली सही केली. धगवेधीने दुरुस्त पान आपल्या नोंदीत घेतलं. उतरता काटाही धोक्याचा असू शकतो, हे ते आज शिकलं होतं.

घड्याळात अडीच वाजले होते. केतकीने खुर्ची ओढून भिंतीला लावली.

"बसा काका. पाठ टेका जरा. बाबांच्या वाटणीचंही."