दुसरा कोल्हा

कोल्हा आणायले गेले होते दोघं जण. काम एवढंच होतं. जायचं, उचलायचा, परत यायचं.

हसू नको टीना. जंगलातला कोल्हा नाही हा. आमचा भंडाऱ्याचा हॅम रेडिओचा क्लब आहे ना, त्यातला खेळ आहे. परीक्षा देऊन, लायसन काढून स्वतःच्या सेटवरून बोलणारी माणसं आम्ही. दर रविवारी सकाळी आपापल्या घरून हवेवर येतो, हजेरी देतो, कोणाची तब्येत कशी, कोणाच्या पोरीचं जमलं काय, सारं विचारतो. नोकरीत होतो तेव्हा मी जवाहरनगरच्या क्वार्टरमधून बोलायचो, आता इथून बोलतो. अन् हिवाळ्यात एकदा कोल्ह्याचा खेळ. एक जण डबीएवढा सेट रानात लपवून ठेवते. तो टीं-टीं वाजत राहते. बाकीच्यांनी हातात अँटेना धरून फिरायचं, आवाज कोणत्या बाजूने जोरात येते ते पाहायचं, अन् त्याले हुडकायचं. म्हणून त्याचं नाव कोल्हा. मग सगळ्यांचं जेवण.

हे झालं दोन हजार चोवीसच्या संक्रांतीच्या आदल्या राती. रविवार होता. चांदकोर लवकर बुडाली होती. अर्धी गोष्ट माह्या साळ्याच्या पोरानं, चंद्रकुमारने सांगितलेली आहे. अर्धी माह्या कानाने ऐकलेली.

पण आधी उर्वशीचं सांगतो.

उर्वशी ढिवराच्या घरची पोरगी. बाप वैनगंगेवर मासे धरे. क्लबात सगळ्यात लहान तीच. मोर्स म्हणतात ती टिंब-रेघांची भाषा तिच्याएवढी साफ कोणी वाजवत नव्हतं. बटण हाताने दाबायचं असते, म्हणून हरेकाचा हात वेगळा, चालीसारखा. माणूस दिसत नाही, पण कोण वाजवून राहिलं ते समजते.

कोरोनाच्या सालचा पूर तुमच्या आठवणीत असन. मोबाईल बंद पडले तेव्हा क्लबाने एका शाळेत कंट्रोल लावला, म्हणजे सगळ्यांच्या हाका घेणारा मोठा सेट. तिथं बसला आमचा अध्यक्ष, धनराज. हुशार माणूस, आवाज भारदस्त. पण आपल्यावर कोणी गेलेलं त्याले खपत नव्हतं. उर्वशी हातातला सेट घेऊन काकाच्या डोंग्यात बसली अन् वेढल्या गेलेल्या गावात लोक काढायले गेली. त्या राती डोंगा उलटला. काका गेला, डोंग्यातली एक म्हातारी गेली. उर्वशी खूप खाली सापडली, पवनीकडे.

धनराज म्हणाला, तिची हाक कंट्रोलवर आलीच नाही. सेट भिजला असन. आम्ही मानलं. न मानायले काय होतं? शोकसभेत तोच पहिला बोलला. डोळे पुसत बोलला.

तर त्या रविवारी आम्ही पवनीच्या पुढं एका वाडीत जमलो होतो. चुलीवर वांग्याची भाजी, तांदळाच्या भाकरी, बायका-पोरं, सगळे. सेवकरामने दोन कोल्हे लपवले होते. एक सापडला. दुसरा काही कोणाले सापडला नाही, अन् अंधार पडला.

सेवकराम म्हणाला, "राहू द्या. मी आणतो उचलून. जागा मले ठाऊक आहे."

"जागा सांगू नको," धनराज म्हणाला. "मी हुडकून आणतो. तुम्ही पानं मांडा."

चंद्रकुमारने मोटारसायकल काढली. धनराज मागं बसला, एका हातात सेट, एका हातात अँटेना. आसगावच्या रस्त्याले लागले. धान कापून झालेलं, बांध्या मोकळ्या, थंडी मरणाची. टीं-टीं साफ येत होतं. धनराज खांद्यावर थाप मारे, डावीकडे म्हणे, उजवीकडे म्हणे. खुशीत होता.

चंद्रकुमारच्या कमरेलेही सेट होता. त्यावर सेवकराम बोलला.

"परत या तुम्ही. दुसरा कोल्हा आपल्या क्लबातल्या रंजूने मघाशीच आणला होता, मले आत्ता समजलं. माह्या डिक्कीत पडून आहे. बॅटरी काढली आहे त्याची."

चंद्रकुमारने गाडी थांबवली.

टीं-टीं येतच होतं.

"मग हा कोणता वाजून राहिला, काकाजी?"

धनराज कान देऊन ऐकत होता. कोल्हा मशीन असते, त्याची टीं-टीं एकसारखी. ही एकसारखी नव्हती. मधात थांबे. पुन्हा सुरू होये. चंद्रकुमारले मोर्स येते. त्याने अक्षरं जुळवली.

उर्वशीचं कॉलसाईन होतं, लायसनवरचं हवेतलं नाव. अन् हात... तिचाच होता.

"परत जाऊ, काकाजी."

"कोणीतरी मस्करी करून राहिलं," धनराज म्हणाला. "मी पकडतो त्याले. चाल."

"काकाजी, नको..."

"चाल म्हटलं ना."

रस्ता सुटला. गाडीवाट लागली. मग तलावाची पाळ, मातीचा बांध. गाडी बंद केली, तसा आवाजही बंद झाला. समोर पाणी. काळं. हलत नव्हतं.

मग सेटवर बाईमाणसाचा आवाज आला. हळू. अदबीने.

"कंट्रोल... काकाजी... ऐकू येते काय? ओव्हर."

चंद्रकुमार सांगे, भीती तिच्या आवाजाची नाही वाटली. धनराजकडे पाहिलं, त्याची वाटली. त्याच्या तोंडावर अचंबा नव्हताच. ओळखीचं काही पुढ्यात यावं, तसा उभा होता.

"कोण आहे?" धनराज सेटवर म्हणाला.

"आवाज येत नाही, काकाजी. पुन्हा सांगा. ओव्हर."

आता इकडचं ऐका.

आम्ही वाडीत पानं मांडून बसलो होतो. सेट मधात ठेवलेला. तिचा आवाज आम्हाले आला नाही. अजिबात नाही. आम्हाले फक्त धनराज ऐकू येत होता. तो बोले... थांबे... पुन्हा बोले.

"मी धनराज बोलतो."

चूप.

"उर्वशी... तुझी हाक आली होती."

वाढणारीचा हात थांबला. सगळे सेटकडे पाहू लागले.

"साफ आली होती. तू म्हणालीस, बिजलीची तार आडवी आहे, डोंगा अडकला, दुसरा डोंगा पाठवा. मी ऐकलं. सकाळी तू चार लोकांत माझी चूक काढली होती. ते डोक्यात होतं. मी म्हटलं, आवाज येत नाही, पुन्हा सांग. तू पुन्हा सांगितलं. मी पुन्हा तेच म्हटलं. मग सेट बंद केला."

चुलीतलं लाकूड फुटलं तेवढंच.

मले वाटलं, झालं. माणसाने कबूल केलं. एवढंच पाहिजे असन तिले.

तेवढंच नव्हतं पाहिजे.

"सांगितलं ना," धनराज म्हणाला. मग चूप. मग पहिल्यापासून. तेच. तार आडवी. दुसरा डोंगा. आवाज येत नाही. यावेळी जोराने. मग पुन्हा. मग ओरडून. आवाज फाटला त्याचा.

चूप.

"अजून जवळ?..."

चूप.

"पाणी आहे इथं..."

सेवकराम गाडीकडे पळाला. मी मागं. बसता बसता सेटवर ऐकत होतो.

"येतो... येतो ना... खोल आहे, पोरी..."

चंद्रकुमारने त्याचा हात धरला होता पाळीवर. धनराजने झटकला. उतरला. गुडघ्याभर. कमरेएवढं. सेट तोंडाशी. चंद्रकुमार त्याच्या मागं पाण्यात उतरला. दोन पावलं गेला असन. तेव्हा कमरेच्या सेटवर आवाज आला. तसाच हळू.

"तू नको येऊ, चंद्रकुमार."

पाय उचललाच नाही त्याचा. मोठा पोरगा, रडत उभा राहिला.

आमच्या गाडीतल्या सेटवर शेवटचं आलं...

"आता... येते काय आवाज?"

मग नुसती खरखर.

मग तीही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा चंद्रकुमार तिथंच उभा होता. बॅटऱ्या मारल्या. पाणी हलत नव्हतं. गावातले ढिवर आले, पण राती कोणी जाळं टाकलं नाही. त्यातला म्हातारा म्हणाला, "या तलावात इथं उतार आहे, खड्डा नाही. माणूस बुडत नाही इथं." उजाडल्यावर तिथंच सापडला धनराज. छातीएवढ्या पाण्यात.

पोलिसांनी लिहिलं, पाय घसरला. क्लबाने उर्वशीच्या घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. बाप ऐकून घेत होता. माय म्हणाली, "आम्हाले ठाऊक होतं." कसं ठाऊक होतं, ते आम्ही विचारलं नाही.

धनराजची तेरवी झाली. त्याची बायको ज्योत्सना चंद्रकुमारले म्हणाली, "भाऊ, गच्चीवरचा तो खांब काढून न्या. मले पाहवत नाही." खांब म्हणजे त्याचा अँटेनाचा टॉवर, तीन मजल्यांएवढा उंच. चंद्रकुमार पट्टा बांधून चढला. मी खाली गच्चीवर उभा. भर दुपार होती.

वर गेला अन् थांबला. बराच वेळ थांबला. मग काही न सोडता, काही न काढता खाली आला. तोंड पांढरं.

"वर जाळं आहे, मामाजी."

"कशाचं जाळं?"

"मासे धरायचं. अँटेनाच्या काडीकाडीले बांधलं आहे. बारीक गाठी मारून. उडून आलेलं नाही ते... कोणी बसून बांधलं आहे." हात पुढं केला त्याने. ओला होता.

तो खांब अजून तसाच आहे. पैसे देऊ म्हटलं तरी कोणी चढत नाही.

परवा मी त्या गल्लीतून गेलो. मे महिन्याचं ऊन. महिनाभर पाऊस नाही. ज्योत्सनाबाईने गच्चीवर नेऊन दाखवलं. खांबाखालच्या फरशीवर वरून टपटप थेंब पडून राहिले होते.